पाण्यात सोडलेली अंडी, न चिकटता, न फुटता: खानावळीच्या प्रकल्प नोंदी

२७ जून २०२५, शुक्रवार

आषाढ कालच लागला. २५ जुलैला श्रावण सुरू होईल आणि श्रावणात आमच्या चुलीवर अंडं चढत नाही. एरवीही सोमवारी, गुरुवारी आणि शनिवारी नाही. तेव्हा जे काही ठरवायचं ते या मधल्या दिवसांत.

बेळगावात नेहरूनगर भागात आम्ही सकाळच्या नाश्त्याची खानावळ चालवतो. मी आणि माझी नणंद. येणारी बहुतेक मुलं शिकणारी, कुणी डॉक्टरकीला, कुणी फिजिओथेरपीला, थोडी नोकरीवाली. बाकीच्या दिवशी ऑम्लेट आणि उकडलेलं अंडं असतंच. फिजिओच्या दोघी मुलींनी विचारलं, "काकू, तेल नको, पण उकडलेल्याचाही कंटाळा आलाय. बलक मऊ राहील असं काही देता येईल का?" म्हणजे कवच फोडून अंडं थेट गरम पाण्यात शिजवायचं, ज्याला हॉटेलात पोच्ड एग म्हणतात ते.

घरी एकट्यापुरतं हे कसंही जमवता येतं. इथे साडेसात ते साडेआठच्या गर्दीत पंधरा-वीस ताटं जातात. म्हणून अटी आधीच लिहून ठेवते. अंडं भांड्याच्या तळाला धरू नये. पाण्यात पांढऱ्याच्या चिंध्या होऊ नयेत. एका वेळी निदान दहा निघावीत. आणि भांडी घासणाऱ्या मावशींचं काम वाढू नये. ही शेवटची अट माझ्यासाठी पहिल्या तिघींइतकीच मोठी आहे. अंड्याचं वाळलेलं भांडं घासणं काय असतं ते ज्यानं घासलंय त्यालाच ठाऊक.

२९ जून, रविवार

आज फक्त पाणी आणि अंडं, बाकी काही नाही. दोन प्रकारे करून पाहिलं.

पहिलं, खळखळ उकळत्या पाण्यात. बुडबुड्यांनी पांढरं फाटतं, पातळ भाग ढगासारखा पाणीभर पसरतो आणि बलकाभोवती अगदी थोडंसं उरतं. वर फेस येतो तो वेगळाच. दुसरं, पाणी उकळून आच बारीक केली, बुडबुडे थांबू दिले आणि मग अंडं सोडलं. फरक डोळ्यांनी दिसतो. पसारा निम्म्याहून कमी.

कारण समजून घेतलं तर पुढचं सगळं सोपं होतं. पांढऱ्यातलं एक प्रथिन ६१-६२ अंश सेल्सिअसपासूनच गोठायला लागतं, पण ज्याचं प्रमाण सर्वांत जास्त ते ८० अंशांच्या आसपास घट्ट होतं. बलक ६५ ला दाट व्हायला लागतो आणि ७० च्या आसपास बसतो. म्हणजे अंडं शिजायला उकळी लागतच नाही. ८० ते ८५ अंश पुरेत. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंच, त्यामुळे इथे पाणी १०० ला नाही, ९७-९८ लाच उकळतं. तरी ते अंड्याला जास्तच आहे, आणि शिवाय उकळीची घुसळण.

थर्मामीटर नसला तरी चालतं. भांड्याच्या तळाशी मोहरीएवढे बुडबुडे चिकटून बसलेत, वाफ येतेय, पण पृष्ठभाग फुटत नाही, ही खूण. एखादा बुडबुडा सुटून वर आला तर हरकत नाही.

तळाला धरण्याचा प्रश्न मात्र तसाच आहे. आमच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यात अंडं खाली जाऊन बसतं आणि उचलताना खालचं कातडं तळालाच राहतं.

२ जुलै, बुधवार

आज सगळा वेळ अंड्याच्या ताजेपणावर गेला आणि तो सत्कारणी लागला. माझ्या मते या कामात यापेक्षा महत्त्वाचं काहीच नाही.

कच्चं अंडं ताटलीत फोडून नीट पाहा. पांढरं दोन तऱ्हांचं असतं. बलकाभोवती दाट, उभा राहणारा भाग आणि त्याच्या बाहेर पाण्यासारखा पातळ. चिंध्या होतात त्या या पातळ भागाच्या. अंडं जुनं होत जातं तसा आतला कार्बन डायऑक्साइड कवचाच्या सूक्ष्म छिद्रांतून निघून जातो, पांढऱ्याचा अल्कलीपणा वाढतो आणि दाट भाग विरघळून पातळ होतो. बाहेर उघड्यावर ठेवलेल्या ट्रेमध्ये हे झपाट्यानं होतं, फ्रिजमध्ये सावकाश.

ताजेपणा ओळखायची आजीची रीत आजही खरी. पाण्याच्या भांड्यात अंडं सोडायचं. आडवं तळाशी पडलं तर ताजं. तळाशीच पण उभं राहिलं तर थोडं जुनं, ते उकडायला उत्तम, कारण सालही सहज निघते. तरंगलं तर बाजूला ठेवा. आतली हवेची पोकळी वाढत जाते म्हणून असं होतं.

खानापूरकडून आत्यांनी पाठवलेली गावठी अंडी आणि बाजारातल्या ट्रेमधली पोल्ट्रीची अंडी शेजारीशेजारी फोडली. गावठी आकारानं लहान, पण दोन दिवसांपूर्वीचीच असल्यानं बलक घुमटासारखा उभा. ट्रेमधली पसरली. यात गावठी की पोल्ट्री हा प्रश्न नाही, किती दिवसांचं हा आहे. पोल्ट्रीचं त्याच दिवशी आलेलं अंडं तितकंच छान उभं राहतं. म्हणून आता दुकानदाराला सांगून ठेवलंय, नवा माल उतरतो त्या दिवशीच आमचा ट्रे द्यायचा.

आणि एक. अंडी आणल्या आणल्या धुवायची नाहीत. कवचावरचा नैसर्गिक थर जातो आणि ओलसरपणाबरोबर घाण आत शिरते. फोडण्याच्या आधी गरजेपुरती पुसायची किंवा धुवायची.

४ जुलै, शुक्रवार

गाळणी. हा या सगळ्या खटाटोपातला सर्वांत साधा आणि सर्वांत उपयोगी उपाय.

अंडं आधी बारीक जाळीच्या गाळणीत फोडायचं आणि हलकेच गोल फिरवायचं. पातळ पांढरं खाली वाटीत गळतं, दाट पांढरं आणि बलक वर राहतात. तेवढंच वाटीत घ्यायचं, वाटीचा काठ पाण्याला टेकवायचा आणि अंडं सरकू द्यायचं. वरून टाकायचं नाही. पाणी स्वच्छ राहिलं, इतकं की तेच पाणी पुढच्या अंड्यांना वापरता आलं.

चहाची गाळणी लहान पडते आणि तिच्यात चहाचा रंग, वास मुरलेला असतो. सरबताची मोठी गाळणी चांगली. भोकांचा झाराही चालतो, फक्त भोकं फार मोठी नकोत.

गळालेलं पांढरं टाकायचं नाही. दिवसभराचं वाटीत साठवून फ्रिजमध्ये ठेवलं आणि संध्याकाळी बटाट्याच्या कटलेटला बांधायला वापरलं. ऑम्लेटमध्येही जातं.

तळाला धरण्यावर आज मार्ग निघाला. पसरट भांडं घ्यायचं, पाणी चार बोटं खोल. तळाशी एक सपाट स्टीलची ताटली पालथी घालायची, तिला वरून तुपाचा हात लावलेला. आचेची थेट धग अंड्याला लागत नाही. अंडं सोडल्यावर मिनिटभर अजिबात हात लावायचा नाही, मग उलथण्याच्या पातळ कडेनं खालून हलकेच मोकळं करायचं. साधारण साडेतीन ते चार मिनिटांत पांढरं बसतं आणि बलक वाहता राहतो. झाऱ्यानं काढून स्वच्छ फडक्यावर टेकवायचं म्हणजे ताटात पाणी सुटत नाही.

६ जुलै, रविवार

आषाढी एकादशी. घरात उपवास. आज अंडी नाहीत.

९ जुलै, बुधवार

व्हिनेगरचा प्रश्न बरेच जण विचारतात. आज घालून आणि न घालता, दोन्ही केलं.

आंबटामुळे पांढरं लवकर गोठतं हे खरं. लिटरभर पाण्याला एक मोठा चमचा व्हिनेगर घातलं की पातळ भागही पसरायच्या आत धरला जातो. पण वरचा पापुद्रा जरा खरबरीत होतो आणि वास राहतो. लिंबाच्या रसानंही तेच होतं. नणंदेनं आमसूल घालून पाहिलं. अंडी गुलाबी झाली, चव वाईट नव्हती, पण खाणारा आधी दचकेल. अंडं ताजं असेल आणि गाळून घेतलं असेल तर आंबटाची गरज उरत नाही, हे माझं ठाम मत. अंडी जुनी असतील आणि तीच वापरायची असतील तेव्हा व्हिनेगर कामाला येतं.

एक गंमतीदार रीत मात्र मुलांना दाखवायला ठेवली आहे. लिटरभर पाण्याला ८ ग्रॅम व्हिनेगर आणि १५ ग्रॅम मीठ. आंबटानं पांढऱ्यात कार्बन डायऑक्साइडचे बारीक बुडबुडे तयार होतात, ते अंड्याला चिकटतात, मिठामुळे पाणी जड झालेलं असतं, आणि अंडं शिजत आलं की आपोआप वर येतं. घड्याळ बघावं लागत नाही.

पाणी गरगर फिरवून भोवऱ्यात अंडं सोडायची पद्धत एका अंड्यालाच ठीक. दुसरं सोडलं की पहिल्यावर आदळतं. खानावळीला निरुपयोगी. प्लास्टिकच्या कागदात पुरचुंडी बांधून उकळायची पद्धत तर मी करणारच नाही. गरम पाण्यात प्लास्टिक आणि त्यात मुलांचं खाणं, हे मला मान्य नाही.

११ जुलै, शुक्रवार

एका वेळी दहा निघायची अट अजून बाकी आहे. पसरट भांड्यात एका वेळी चार-पाचच मावतात. जास्त सोडली तर पाणी थंड पडतं आणि एकमेकांना चिकटतात.

सकाळी शेजारच्या अक्का ताकाला विरजण मागायला आल्या. माहेरच्या कानडी, पण आमच्याशी बोलतात ते बेळगावी मराठीच. माझी भांडी बघून म्हणाल्या, "काय करालैस गे हे? इडलीचं पात्र हाय न्हवं घरात? त्यात वाफव की!"

खरंच. पाण्यात सोडायचंच कशाला, वाफेवर शिजवलं तर पसारा व्हायला जागाच नाही. इथे प्रत्येक घरात इडलीपात्र असतं.

आमच्या स्टँडच्या काही ताटल्यांना खळग्यातही भोकं आहेत, त्यातून अंडं गळणार. बिनभोकाच्या तीन ताटल्या शोधल्या, प्रत्येकीत चार खळगे. ट्रेमधलं मोठं अंडं तसंच ओतलं तर कडेनं सांडतं. गाळून घेतलेलं नीट मावतं. गावठी अंडं न गाळताही बसतं. बाराच्या बारा एकदम शिजली.

अडचण दोन जागी. वरच्या ताटलीचं पाणी ठिबकून खालच्या अंड्यांवर खड्डे पडतात. आणि खळग्याच्या कडेला पांढरं घट्ट धरतं.

१३ जुलै, रविवार

दोन्ही अडचणी सुटल्या. ज्यांच्या घरी स्टँड आहे त्यांना लगेच करता येईल म्हणून नीट लिहिते.

ठिबकण्यावर उपाय म्हणजे ताटल्या एकावर एक अशा बसवायच्या की वरचा खळगा खालच्या खळग्यावर न येता दोन खळग्यांच्या मधल्या जागेवर येईल. इडलीला आपण हेच करतो, तिथे फुगायला जागा मिळावी म्हणून. झाकणाच्या आतल्या बाजूला जाड फडकं बांधायचं, त्याची टोकं वर झाकणाच्या मुठीला गुंडाळायची म्हणजे ज्योतीजवळ लोंबत नाहीत. झाकणाला साचलेलं पाणी फडकं पिऊन घेतं.

चिकटण्यावर उपाय म्हणजे तेलाऐवजी तूप, आणि तेही थिजलेलं. तेल लावलं की ते घरंगळून खळग्याच्या तळाशी जमतं आणि कडा कोरड्या पडतात. धरतं ते नेमकं कडेलाच. बेळगावच्या आषाढातल्या गारठ्यात तूप घट्ट असतंच. बोटानं पातळसर पण अगदी ओठापर्यंत लावायचं. अख्ख्या ताटलीला मिळून पाव चमचा तूपही लागत नाही, त्यामुळे मुलींची तेल नको ही मागणीही जवळजवळ पाळली जाते.

तळातलं पाणी आधी पूर्ण उकळू द्यायचं, मग स्टँड ठेवायचा, आच मध्यम. पाणी खालच्या ताटलीला लागता कामा नये. पाच मिनिटांत पांढरं बसून बलक मऊ राहतो, सात मिनिटांत बलकही बसतो. बाहेर काढून मिनिटभर तसंच राहू द्यायचं. निवता निवता अंडं कडेपासून किंचित सुटतं. मग चमच्याची कड एकदा गोल फिरवली की अंडं अख्खं ताटात.

अप्पेपात्रही काढलं होतं. त्यात आच थेट खालून लागते, बूड तांबूस होतं. खायला छान, पण ते तळल्यातच जमा. या कामातून वगळलं.

स्टँड नसेल त्यांनी स्टीलच्या वाट्या घ्याव्यात. रुंद भांड्यात दोन बोटं पाणी, वाट्या त्यात उभ्या, वर झाकण. रीत तीच.

१६ जुलै, बुधवार

गर्दीच्या वेळी पहिल्यांदा इडलीपात्रातली अंडी वाढली. ज्वारीच्या भाकरीवर अंडं, वर भरडलेली मिरी आणि मीठ. काहींनी पावाबरोबर घेतलं, एकानं उपीट मागून त्यावर ठेवलं. बलक फुटून उपिटात उतरतो तो प्रकार मलाही आवडला.

मऊ बलकाबद्दल एक नियम केला आहे आणि तो फळ्यावर लिहिला आहे. लहान मुलं, गरोदर बाई, वयस्कर माणसं आणि आजारपणातून उठलेली माणसं, यांना बलक पूर्ण बसलेलंच अंडं द्यायचं. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या अंड्यातून साल्मोनेला या जंतूची बाधा होऊ शकते आणि या लोकांना ती जड जाते. सासूबाईंना मऊ बलक आवडला असता, पण त्यांना सात मिनिटांचंच दिलं. शेजारचा सरकारी शाळेत जाणारा मुलगाही आला होता. त्याला शाळेत उकडलेलं अंडं मिळतं, तो म्हणाला, "हे शाळेतल्यासारखं नाही, पण भारी आहे." त्यालाही बलक बसलेलंच.

प्रत्येक अंडं आधी वेगळ्या वाटीत फोडायचं हेही पक्कं. एक खराब निघालं तर एकच जातं.

भांडी. मावशींचं म्हणणं ऐकून लिहिते. अंड्याचं भांडं आधी गार पाण्यानं धुवायचं. गरम पाणी ओतलं की उरलेलं अंडं तिथेच शिजून बसतं आणि मग काथ्या झिजतो. गार पाण्यात दहा मिनिटं भिजवलं की बोटानं निघतं. वास राहिला तर चमचाभर बेसन चोळायचं किंवा पिळलेल्या लिंबाची साल. मावशी म्हणाल्या, "वैनी, ऑम्लेटच्या तव्यापेक्षा हे बरं." माझी चौथी अट पुरी झाली.

२० जुलै, रविवार

आत्या खानापूरहून आल्या. माझी गाळणी, स्टँड, फडकं सगळं बघितलं आणि म्हणाल्या, "आम्ही रश्शात सोडतो की अंडी. चिकटत नाहीत, काही नाही." मग त्यांनीच केलं, मी शेजारी उभं राहून बघितलं.

कांदा आणि सुकं खोबरं भाजून वाटलं. लसूण, आलं, कोथिंबीर. फोडणीत कांदा-लसूण चटणी, दोन टोमॅटो, मग वाटण, तेल सुटेपर्यंत परतलं. पाणी बेताचं. रस्सा चांगला उकळला की आच अगदी बारीक. पळीनं रश्शात खळगा केला आणि त्यात वाटीतून अंडं सरकवलं. पुढचं अंडं जरा अंतरावर. झाकण. पाच-सहा मिनिटं पळी घालायची नाही, लागलंच तर कढईचे कान धरून हलकेच हेलकावा द्यायचा.

मी बघत होते ते असं. दाट रस्सा अंड्याला अलगद धरून ठेवतो, ते तळाला जातच नाही, म्हणून धरत नाही. टोमॅटोचा आंबटपणा व्हिनेगरचं काम करतो. आणि जे थोडं पांढरं सुटतं ते रश्शातच मिसळून त्याला दाटपणा आणतं, वाया जात नाही. पातळ आमटीत हेच केलं तर पांढऱ्याचे धागे होतात, म्हणून आत्या वाटण सढळ घालतात. उकडून, सोलून, मग रश्शात टाकलेल्या अंड्यापेक्षा याची चव निराळी, कारण पांढरं शिजतानाच मसाला त्याला लागतो.

रविवारच्या नाश्त्याला हाच रस्सा आणि भाकरी ठेवायची असं नणंदेचं आणि माझं ठरलं. अंडी यात गाळायची नाहीत.

२३ जुलै, बुधवार

उद्या आमावस्या, परवा श्रावण. आजची शेवटची चाचणी आदल्या रात्री करून ठेवण्याची.

पाण्यात शिजवलेली अंडी काढल्या काढल्या गार पाण्यात सोडली की आतली उष्णता थांबते, नाहीतर बलक ताटात जाईपर्यंत घट्ट होत राहतो. मग त्याच गार पाण्यात बुडवून, झाकून फ्रिजमध्ये. सकाळी हात लावल्यावर चटका बसेल इतक्या गरम, पण न उकळणाऱ्या पाण्यात मिनिटभर ठेवली. बलक तसाच वाहता, पांढरं मऊ. दोन दिवसांपलीकडे ठेवायची नाहीत आणि फ्रिजच्या बाहेर तर अजिबात नाहीत. ऐन गर्दीत लाइट गेली आणि मिक्सर, इंडक्शन बंद पडलं, तरी ही अंडी गॅसवरच्या एका भांड्यात मिनिटात तयार होतात, हा मोठा आधार.

वाफेवरची अंडी मात्र अशी ठेवता येत नाहीत. त्यांचा वरचा भाग फ्रिजमध्ये चामट होतो. ती ताजीच वाढायची.

श्रावणात नाश्त्याला उपीट, पोहे, थालीपीठ आणि मोडाची उसळ. बिनभोकाच्या आणखी दोन ताटल्या भांडीवाल्याकडे सांगितल्या आहेत, आमच्या स्टँडच्या मापाच्या. गणपती झाल्यावर येतील तेव्हा एका घाण्यात वीस अंडी निघायला हवीत. वरच्या ताटलीला वाफ कमी पोचते की काय आणि तिला मिनिटभर जास्त द्यावं लागतं का, ते तेव्हा पाहायचं.